उन्हाची सवय लावणारे सर

आमच्या कॉलेजात प्रत्येकाची खुर्ची ठरलेली होती. फक्त वनस्पतीशास्त्राच्या सरांची खुर्ची अंगणात असायची आणि तिला जागा अशी नव्हतीच. सकाळी ती कडुलिंबाच्या पश्चिमेला, दुपारी बुंध्याला चिकटून आणि संध्याकाळी पार सायकल स्टँडपाशी. सावली सरकेल तशी सर खुर्ची सरकवत. बरं, सावलीत तरी धड बसावं, तर तेही नाही. डोकं सावलीत आणि पाय उन्हात, अशी त्यांची बैठक. मी मराठी शिकवायला नवीनच रुजू झाले होते. शिपायाला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, "ते व्हय? त्यांना वाटतं आपुन झाड हाव."

ते मूळचे आष्टीचे, नोकरी शिरूर कासारात. मी दिंद्रुडची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडं ऊन कसंय?" लोक पाऊसपाणी विचारतात, पीक विचारतात, कुणी कुणी जातही विचारतात. ऊन विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटलं, "कडक असतं." त्यांना हे उत्तर अजिबात आवडलं नाही. "कडक म्हंजी काय? सकाळचं का दुपारचं? पाऊस उघडल्यावरचं का मार्चातलं?" त्यानंतर मी त्यांना उन्हाबद्दल काहीही सांगायच्या आधी विचार करू लागले.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. म्हणून ते सहकाऱ्यांना विषयाने हाक मारत. मी मराठी. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ भूगोल. प्राचार्य मूळचे इंग्रजीचे, म्हणून भर सभेत "इंग्रजी, तुमचं झालं असलं तर मी बोलू का?" असं ते विचारायचे आणि प्राचार्यही बिचारे "बोला बोला" म्हणायचे. विद्यार्थ्यांना ते झाडांवरून ओळखत. एका उंच, सडसडीत मुलीला त्यांनी तीन वर्षं 'शेवगा' म्हटलं. ती आता पाटोद्याकडे शिक्षिका आहे आणि भेटली की स्वतःची ओळख तशीच करून देते.

छत्री ते बारा महिने वापरत. पावसाळ्यात स्वतःसाठी आणि उन्हाळ्यात रोपांसाठी. बस स्टँडबाहेर कुणीतरी करंजाचं रोप लावून सोडून दिलं होतं. गावी जाताना सर आष्टीच्या गाडीची वाट पाहत तिथे उभे राहत, छत्री रोपावर आणि स्वतःच्या डोक्यावर रुमाल. एकदा आष्टीची गाडी आली, थांबली, निघूनही गेली. ते रोपावरची छत्री मिटवायला तयार नव्हते, कारण ऊन अजून उतरलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला हे सांगताना कपाळावर हात मारला होता. "लगीन ठरवताना मुलगा नोकरीला हाय एवढंच बघितलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं इचारायचं राह्यलं."

तरीही शिकवण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा त्यांच्या वर्गातून इतका आरडाओरडा ऐकू आला की प्राचार्य आणि मी दोघंही धावलो. आत शेंगांची फेकाफेक चालली होती. सरांनी भुईमुगाच्या शेंगांची पाटी आणली होती. एका भिंतीपाशी सर शेंगा उधळत होते, पोरं झेलत होती आणि हातोहात पुढे देत होती. शेवटची मुलगी त्या सोलून दाणे डब्यात टाकत होती. सर हळूहळू वेग वाढवत गेले. सोलणारीच्या ओटीत ढीग साचला. तेवढ्यात सरांनी तिला हुकूम दिला, "थांब! डबा भरला. सोलू नको." आणि शेंगा मात्र दुप्पट जोराने उधळायला लागले. पोरं गोंधळली. कुणाच्या डोळ्याला लागली, कुणी बाकावर चढलं.

"आता काय करायचं?" सर ओरडले.

"पळायचं, सर!"

"पानाला पाय हायेत का बे? झेला आन् खाली टाका! टाकायला शिका!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. मी भाषेची बाई, पण दारात उभी राहून मला ते कळलं, म्हणून तुम्हांलाही कळेल. पानातलं हरितद्रव्य मोकळं सांडलेलं नसतं. काही प्रथिनं ते आपल्या मुठीत धरून उभी असतात. उजेड झेलायचा आणि आत पोचवायचा, हे त्यांचं काम. आत त्यावर झाडाचा स्वयंपाक होतो. सावलीतलं पान अशी झेलणारी प्रथिनं जास्त बनवतं, कारण तिथे उजेड कमी. म्हणून ते काळंभोर हिरवं दिसतं. पण पाणी तुटलं की पान आपली बारीक तोंडं मिटून घेतं, हवा आत येत नाही आणि स्वयंपाक थंडावतो. उजेड काही थांबत नाही. झेललेला उजेड जाणार कुठे? तो पानालाच भाजून काढतो. तेव्हा हीच प्रथिनं पवित्रा बदलतात आणि झेललेलं ऊब करून बाहेर सोडून देतात. "झेलणारा बी तोच आन् सोडणारा बी तोच," सर म्हणाले. "लई शहाणी जात हाय ती." पण उजेड फार झाला तर नुसत्या सोडण्याने भागत नाही. झेलणारे हातच कमी करावे लागतात आणि त्याला दिवस लागतात. प्राचार्यांनी जाताना खाली पडलेल्या शेंगा उचलून खिशात घातल्या, हे मी पाहिलं.

या दिवस लागण्यावरच सरांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. कॉलेजच्या मागे हिरव्या जाळीखाली ते सीताफळाची रोपं वाढवत. पावसाळ्याच्या तोंडावर त्या रोपांची शाळा भरे. आज थोडा वेळ बाहेर, मग आत. उद्या आणखी थोडा वेळ. पिशव्या उचलून पोरांचे हात भरून येत, पण सर हटत नसत. उन्हात राहून राहून रोपं फिकट व्हायची, पिवळट झाक यायची, पानं लहान आणि जाड यायची. सर त्यांच्याकडे बघून सुखावत. "पास झाली," म्हणत. बघणाऱ्याला ती आजारी वाटत.

आता संगीताचं सांगते. आमच्या कॉलेजचं दरवर्षी एका गावात शिबिर भरायचं, त्या गावातली ही बाई. तिशीची, बोलायला फटकळ. लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर, बाळूबरोबर, ऊस तोडायला जायची. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. कोयता गेला की घराला कुलूप आणि पोरगी आजीकडे. शिबिरात सरांनी माळावर सीताफळ कसं येतं ते सांगितलं, तेव्हा सगळ्या बायका ऐकून उठून गेल्या. ही तेवढी मागे थांबली. सरकारच्या फळबाग योजनेत एक सोय होती. रोपं जगवली तर ती सांभाळायची मजुरी पहिली काही वर्षं घरच्या घरी मिळायची. तोवर फळ धरतं. रोपं सर कॉलेजातून देणार होते. पण दसऱ्याच्या आधी योजनेचे साहेब बघायला येणार आणि बहुतेक रोपं हिरवी दिसली तरच पुढची मजुरी. "यंदा कोयता न्हाई," असं तिने घरात जाहीर करून टाकलं. बाळू हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

पाऊस पडला, वापसा आला, म्हणजे जमीन लागवडीजोगी झाली आणि नेमके तेव्हाच सर पेपर तपासायला संभाजीनगरला गेले होते. बाळू पिकअप घेऊन आला, बरोबर संगीता. शिपाई म्हणाला, न्या की, तुमचीच हायेत. मग संगीताने स्वतः एकेक रोप निवडलं, बाजारात वांगी निवडावीत तसं. बाहेर उन्हात ठेवलेली फिकट, पिवळट रोपं तिने बाजूला सारली. अगदी आतली, जाळीच्या कोपऱ्यातली, काळीभोर, तुकतुकीत रोपं तिने गाडीत भरली. आमच्या भागात कुणीही हेच केलं असतं. मीही तेच केलं असतं. हिरवंगार ते चांगलं, हे आम्हांला कुणी शिकवावं लागत नाही.

सर परत आले. मागे गेले. बाहेरच्या ओळी जशाच्या तशा उभ्या आणि आतला कोपरा रिकामा. ते पायरीवरच बसले. "अहो मराठी," ते म्हणाले, "शाळेत न गेलेली पोरं थेट बोर्डाच्या परीक्षेला बसवली की!"

रोपं माळावर लागली होती. आठवडाभर झिमझिम होती, तोवर काही कळलं नाही. मग पाऊस उघडला आणि धुतलेल्या आभाळातून जे ऊन पडलं, ते माझ्याही मानेला चावत होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी संगीता कॉलेजात आली. पदराच्या टोकात पान बांधून आणलं होतं. पानाचा मधला भाग पांढरट पडला होता आणि कडा करपल्या होत्या.

"सर, रोग पडला का? दीर म्हनतोय युरिया टाक."

सरांनी पान सूर्याकडे धरून खालून पाहिलं. "रोग न्हाई. ऊन लागलंय."

"झाडाला ऊन लागतं व्हय?"

"सावलीत वाढलेल्याला लागतं. त्याचे हात लई, झेलतंय लई आन् पचंना. युरिया टाकू नको. त्यानं आनखी हात फुटतील."

ती खाली बसली. आवाज एकदम उतरला. "पोळ्याला ऊसतोडीचा मुकादम येनार हाय नावं घ्यायला. रोपं गेली तर मी कोन्त्या तोंडानं न्हाई म्हनू? पोरगी औंदा धाव्वीला हाय, सर." मला तिच्याकडे बघवेना. सर मात्र पानाकडेच बघत होते आणि त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. माणूस समोर रडतंय आणि ह्यांना पान दिसतंय.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात. "मराठी, तास हाय का? नसल तर चला. साड्या मागायच्यात."

"काय मागायच्यात?"

"जुन्या साड्या. मी एकटा गेलो तर मार खाईन."

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आम्ही कॉलनीत घरोघर फिरलो. दार उघडणारी बाई माझ्याकडे बघून हसायची, सरांकडे बघून पदर सावरायची आणि विचारायची, "कुणासाठी वो?" सर म्हणायचे, "सीताफळासाठी." पुढचं सगळं मी निस्तरायचं. बरं, मिळेल ती साडी मुकाट घ्यावी की नाही? ते प्रत्येक साडी उन्हात धरत, मागे आपला पंजा नेत आणि पंजा किती दिसतो ते बघत. एका बाईने चांगली घडीची साडी मोठ्या मनाने काढून दिली. सरांनी ती परत केली. "ही लई जाड हाय. पोरं गुदमरतील." ती बाई आजही मला बाजारात भेटली की तोंड फिरवते.

वहिनींनी गाठोडंभर साड्या दिल्या. त्यांच्या कपाटातून सरांनी न विचारता आणखी एक उचलली होती, हे आम्ही सगळे संगीताच्या माळावर गेल्यावर कळलं. कारण आपली अबोली रंगाची साडी रोपावर बघून वहिनी किंचाळल्या. "अहो, ही माझ्या भावानं घेतलेली!" सर शांतपणे म्हणाले, "म्हनून तर. हिच्यातून उजेड लई नामी गळतोय."

तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, रोवून त्यावर साड्या बांधल्या. लाल, हिरव्या, फुलाफुलांच्या. सगळा माळ असा रंगीत झाला की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून विचारत, लगीन कुनाचं हाय? ऊन तापलं की साड्या ओढायच्या, उतरलं की काढायच्या. दर दोन-तीन दिवसांनी ओढायची वेळ थोडी उशिरा न्यायची. बुडाशी वाळलं गवत आणि संध्याकाळी हिशेबाने पाणी. हे सगळं संगीताने एकटीने सांभाळलं. बाळू हांड्याने पाणी आणून द्यायचा, पण बोलायचा नाही.

आणि मग रोपांची पानं गळायला लागली. आधी करपलेली, मग धडधाकट दिसणारीही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा साड्यांखाली नुसत्या काड्या उभ्या होत्या. मला वाटलं, संपलं. तसं मी वहिनींच्या कानात म्हटलंही.

नेमका त्याच दिवशी मुकादम आला. एक दिवस आधीच, गाडी रस्त्याला लावून. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"काय बे बाळ्या, झाडाला साड्या नेसवल्यास. आता त्यांची ओटी भरायची का?"

बाळू कसनुसा हसला. मुकादम जवळ आला, एक साडी वर करून काडी बघितली. "ह्याच्यासाठी घरी बसतो व्हय? तुजा कोयता लिवू का न्हाई, आत्ता सांग. माझ्याकडं दुसरी जोडी उभी हाय."

बाळूने तोंड उघडलं. तो हो म्हणणार होता, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात जमिनीवरून आवाज आला, "संगीता, हिकडं ये." सर मातीत गुडघे टेकून बसले होते. डोळ्याला भिंग.

ती गेली. मीही गेले. पान जिथून गळलं होतं, तिथे काडीवर एक वण होता आणि त्या वणाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी हिरवं वर आलं होतं.

"सीताफळाचा डोळा देठाच्या बुडात दडलेला असतो," सर म्हणाले. "पान पडल्याबिगर तो बाहीर येत न्हाई. जुनी पानं सावलीची व्हती, ती झाडानंच टाकली. आता जे फुटंल ते ह्या उन्हात फुटंल. त्याला हात बेताचेच असतील."

"म्हंजी जगलं?" तिने विचारलं.

सरांनी हो म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले होते. ते म्हणाले, "ते मी सांगू शकत न्हाई बाई. हे फुटलंय. त्या तिकडच्या ओळीत बी फुटलंय. पुढं पाऊस कसा येतो, ते मला ठाव न्हाई. खोटं बोलून तुला घरी बसवनार न्हाई मी."

संगीताने भिंग मागून घेतलं. एक रोप पाहिलं, दुसरं पाहिलं, ओळीने पुढे सरकत गेली. मुकादम घड्याळ बघत होता. मग ती उठली, गुडघ्याची माती झटकली आणि बाळूला ओलांडून थेट मुकादमाला म्हणाली, "दुसरा कोयता बघा, भाऊ."

"बाळ्या?" मुकादमाने विचारलं.

बाळूने बायकोकडे पाहिलं आणि वाकून हांडा उचलला. "पानी घालायचं राह्यलंय," तो म्हणाला. लग्नानंतर त्याने केलेलं ते सगळ्यात मोठं भाषण होतं, असं संगीता पुढे मला म्हणाली.

पाऊस आला, पण आमची परीक्षा बघून आला. मधले ते पंधरा-वीस दिवस मी झोपेतही आभाळ बघत होते. नवी पानं फुटली ती बारकी, जाड, पिवळट. संगीता घाबरून फोन करायची, "सर, काळी होईनात कावून?" सर फोनवर ओरडायचे, "नकोच व्हायला! तशीच पायजेत!" साड्या एकेक करून निघाल्या. साहेब आले, ओळीतून फिरले. काही रोपं गेली होती, ती गेलीच. त्या जागी कॉलेजच्या मागची, शाळा पास झालेली रोपं लावली होती. साहेबांनी मान हलवली आणि कागद पुढे गेला. सरांनी त्यांनाही विचारलं, "तुमच्याकडं ऊन कसंय?"

दसरा झाला आणि गाव रिकामं झालं. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर गेले, वर भांडी, गोधड्या, कोंबड्या, म्हातारे. दिवाळीला दोन दिवस असताना वहिनींनी फराळाचा डबा भरला आणि आम्ही तिघं संध्याकाळी त्या गावात गेलो. गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी कुलपं. कुत्रीसुद्धा पांगली होती. एवढ्या गल्लीत एकच दार उघडं आणि दारात संगीता आकाशकंदील हातात धरून उभी. चेहरा गोंधळलेला.

"बरं झालं आलाव म्याडम," ती म्हणाली. "ह्यो कुठं लावत्यात?"

मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

"लगीन होऊन आल्यापासनं ह्या घरात माझी एकबी दिवाळी झाली न्हाई," ती म्हणाली. "दरसाल उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीवर. हितं काय कुठं लावायचं, काय ठाव न्हाई मला."

मी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. खरंच, तिथे एक खिळासुद्धा नव्हता. कधी लागलाच नव्हता. मी उगाच फराळाचा डबा या हातातून त्या हातात केला. सर डाव्या बाजूला लावा, वारं कमी हाय, वगैरे सांगायला लागले. तिने त्यांचं काही ऐकलं नाही. बाळूकडून खिळा घेतला, अंगणातला दगड उचलला आणि चौकटीच्या बरोबर मधोमध स्वतःच ठोकायला लागली. रिकाम्या गल्लीत तो आवाज फार मोठा वाटत होता. खिळा बसला, तरी ती थांबेना.

"बास की," बाळू म्हणाला. "एवढा कशाला? कागदाचा तर हाय."

"असू दे," ती म्हणाली आणि आणखी एक घाव घातला. "फुडल्या साली बी लागंल."